नकाशांचे मास्तर

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळून झाले होते, फराळाच्या बशा समोर आल्या होत्या. मी चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच धाकट्या बहिणीने तक्रारीचे दप्तर उघडले.

"दादा, आता तूच सांग हिला चार शब्द. चालून आलेली नोकरी सोडून म्हणे नकाशांची प्रोफेसर होणार!"

'हिला' म्हणजे माझ्या भाचीला. मुलगी भूगोलात एम.एस्‌सी. झालेली. एका बड्या कंपनीचे नेमणूकपत्र तिच्या हातात होते. त्याच सुमारास 'नेट' परीक्षेचा निकाल लागला आणि पीएच.डी.साठी शिष्यवृत्तीही मिळाली. इकडे भावोजींची निवृत्ती सहा महिन्यांवर आलेली आणि घराच्या कर्जाचे हप्ते तीन वर्षांचे उरलेले. ते काहीच बोलले नाहीत. अडकित्त्याने सुपारी कातरत बसले. मध्यमवर्गीय बापाच्या गप्प बसण्यात केवढी आकडेमोड चाललेली असते, हे सांगायला का हवे!

खरे सांगायचे तर नकाशा म्हटले की मला शाळेतली निळी पेन्सिल आणि वाकडी आलेली गोदावरी एवढेच आठवते. म्हणून मी भाचीलाच विचारले, "नकाशात शिकवायचे ते एवढे काय असते ग?"

ती म्हणाली, "मामा, तीन पातळ कागद घे. एकावर गावातली घरं काढ, दुसऱ्यावर विहिरी, तिसऱ्यावर आजारी माणसं. आता ते एकावर एक ठेवून उजेडाकडे धर. आजार कुठल्या विहिरीभोवती आहे ते दिसेल की नाही?"

1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी नेमके हेच केले. मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडताच त्यांची दाटी एका सार्वजनिक पंपाभोवती दिसली. आज हेच कागद संगणकात असतात. प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांश असतात आणि थर शेकडो असू शकतात. हीच भौगोलिक माहिती प्रणाली, सर्वांच्या तोंडी असलेली 'जी.आय.एस.' पूररेषा आखायची असो, पिकाचा अंदाज करायचा असो की जलवाहिनी टाकायची असो, तिच्यावाचून आता पान हलत नाही.

या विद्येच्या मास्तरांची कुळकथाही मोठी मौजेची आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने 1948 मध्ये आपला भूगोल विभागच गुंडाळला. आणि त्याच विद्यापीठात 1965 मध्ये हॉवर्ड फिशर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने संगणकाकडून नकाशे काढून घेणारी प्रयोगशाळा उघडली! पुढच्या दारातून घालवलेला भूगोल मागच्या दाराने घरात आला. मायकेल गुडचाइल्ड यांनी केंब्रिजला पदवी घेतली ती पदार्थविज्ञानात, डॉक्टरेट मिळवली भूगोलात. कॅनडात अनेक वर्षे अध्यापन करून 1988 मध्ये ते कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे गेले. या विद्येला शास्त्र म्हणावे की नुसते हत्यार, हा प्रश्न त्यांनी धसाला लावला आणि 1992 मधल्या आपल्या लेखात तिला 'भौगोलिक माहिती विज्ञान' असे नाव दिले. वाद पोटापाण्याचाही होता बरे का! नुसते हत्यार असेल तर ते चालवायला शिकवणारा कारागीर पुरे. शास्त्र असेल तर त्याला प्राध्यापक हवा.

आपल्याकडे डेहराडूनची संस्था 1966 मध्ये डच सहकार्याने सुरू झाली. मुंबईच्या आय.आय.टी.त 1976 मध्ये या विषयाचे केंद्र निघाले. 2021 मध्ये सरकारने नकाशांवरील जुनी बंधने बरीच सैल केली. त्यामुळे शिकणारे वाढले आणि शिकवणाऱ्यांची गरजही वाढली.

पण वाचकहो, पालकांचा प्रश्न वेगळाच असतो: मिळणार किती आणि केव्हा? सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. संशोधन करताना मिळणारी कनिष्ठ शिष्यवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली. ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजू अशी की, कायमच्या जागा थोड्या निघतात. डॉक्टरेट झालेली हुशार मुलेसुद्धा वर्षानुवर्षे 'तासिका तत्त्वावर' शिकवतात; तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. शिवाय हा विषय कुठे भूगोलाच्या घरात, कुठे स्थापत्य अभियांत्रिकीच्या, तर कुठे संगणकाच्या. अर्ज करण्यापूर्वी जाहिरातीत कोणती पदवी ग्राह्य धरली आहे ते बारकाईने वाचावे, नाहीतर सारी मेहनत एका ओळीवर अडते.

हे सारे मी त्या दिवशी आडपडदा न ठेवता बोलून दाखवले. बहिणीला वाटले, दादा आपल्या बाजूने आहे. भाचीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "मामा, हे सगळं मला ठाऊक आहे. हप्त्यासाठी शिष्यवृत्तीतले पंधरा हजार मी दर महिन्याला देईन. पाच वर्षांत काही जमलं नाही तर कंपन्या कुठे पळून जात नाहीत. पण आज कंपनीत गेले तर पुन्हा अभ्यासाकडे वळणं होणार नाही."

इतका वेळ गप्प असलेले भावोजी तेव्हा बोलले. ते मूळचे हिंगणघाटचे. म्हणाले, "आमच्या गावात एका साहेबाची कबर आहे. लहानपणी नुसती ऐकून होतो. कोण ग तो?"

"विल्यम लॅम्बटन, बाबा. 1802 मध्ये मद्रासपासून त्यानं हिंदुस्थान मोजायला घेतला. वीस वर्षं मोजत मोजत वर आला आणि 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. पुढचं काम इतरांनी केलं. राधानाथ सिकदारांनी गणित करून एव्हरेस्टची उंची काढली, आणि निवृत्त झाल्यावर ते कलकत्त्यात गणित शिकवू लागले."

भावोजींनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे काम एका माणसाच्या आयुष्यात पुरं होत नाही, म्हणून शिकवावं लागतं. असंच ना?" आणि बहिणीकडे वळून म्हणाले, "हप्त्यांचं मी बघतो. निवृत्तीनंतर दोन वर्षं कुठेतरी हिशेब लिहीन. तिला जाऊ दे."

यंदाच्या दिवाळीला भाची पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात आहे. पंधरा हजार दरमहा येतात. भावोजी सकाळी एका दुकानाचे हिशेब लिहितात. पुढे कायमची जागा मिळेल की नाही, आज कोणी सांगू शकत नाही. पण बहिणीच्या दिवाणखान्यात कॅलेंडरच्या जागी आता हिंगणघाटचा नकाशा लागला आहे, मुलीने स्वतः केलेला. परवा कंदील लावायला गेलो तेव्हा बहीण शेजारणीला त्यावर बोट ठेवून सांगत होती, "ही वणा नदी, हे आमचं सासरचं घर."