प्रजनक माशांचा आहार व अंड्यांचा कस
मत्स्यजिरे कमी निघाले की दोष बहुधा इंजेक्शनाला दिला जातो. मादीने उन्हाळ्यात काय खाल्ले, हे क्वचितच पाहिले जाते. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी सिद्ध केलेल्या प्रेरित प्रजननात इंजेक्शन तयार अंडी मोकळी करते, त्यांचा कस वाढवीत नाही. रोहू-कटल्याचे जिरे पहिले सुमारे तीन दिवस केवळ बलकावर जगते आणि बलक मादीच्या अन्नातूनच घडतो. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा यांत ओमेगा-३ मेदाम्ले जवळजवळ नसतात. यास्तव पावसाळ्यापूर्वी दोन-तीन महिने सुक्या मासळीची कुटी, थोडे मासळीचे तेल व जीवनसत्त्व ‘ई’ यांची जोड द्यावी. मात्र अतिआहाराने पोटात चरबी साठते व अंडाशयाची वाढ खुंटते. तेव्हा गुबगुबीत मादी पाहून हुरळू नये.