शाळेतील तपासणी आणि घरी जाणारी चिठ्ठी

शाळा हे विद्येचे ठिकाण आणि आरोग्य हा दवाखान्याचा विषय, अशी एक वाटणी आपण मनाशी पक्की केलेली असते. मूल मात्र अशी वाटणी करून शाळेत येत नाही. डोळे, कान, दात, पोट आणि सकाळी घरात झालेले भांडण हे सगळे बरोबर घेऊन ते बाकावर बसते. ज्याला फळा धूसर दिसतो त्याला आपल्याला कमी दिसते हे ठाऊकच नसते. सर्वांना असेच दिसत असावे, अशी त्याची समजूत असते. ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेते, चुकते आणि बोलणी खाते. मग गणित कच्चे म्हणून शिकवणी लागते; चष्मा मात्र लागत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ मध्ये बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील अशी ती पहिली तपासणी मानली जाते. या दोन गोष्टींचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मुलाला सक्तीने शाळेत बसविल्यावर ते बसण्याच्या स्थितीत आहे की नाही, हेही पाहावे लागतेच. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होऊ पाहणारे कितीतरी तरुण अशक्त म्हणून नाकारावे लागले, तेव्हा कोठे तेथील सरकार जागे झाले. १९०६ साली शाळेतील जेवणाचा आणि १९०७ साली वैद्यकीय तपासणीचा कायदा तेथे झाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, तोही याच विचाराचा एक धागा. तथापि एकंदर देशाचे चित्र निराशाजनकच होते. शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही, असे भोर समितीने १९४६ साली नमूद केले, आणि याच प्रश्नासाठी १९६० मध्ये पुन्हा एक समिती नेमावी लागली.

समित्यांच्या अहवालांपेक्षा मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम अधिक शिकविणारे वाटते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतली मुले शाळेकडे येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तेथे आधी हातपाय धुणे, अंघोळ, नखे, केस. मग गाणी आणि गोष्टी. स्वच्छता हा शिक्षणाच्या आधीचा उपचार नव्हता, तोच पहिला पाठ होता. आज देशभर रूढ असलेल्या 'अंगणवाडी' या शब्दाचे मूळ त्या अंगणात आहे.

आता आपल्या सेलूसारख्या गावाकडे वळू. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन मुले तपासते. डोळे, कान, दात, त्वचा, हृदयाचे जन्मजात दोष, रक्ताची कमतरता, वाढीतील मागासलेपण, सर्व काही पाहिले जाते. दोष आढळला तर मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवावयाचे असते आणि पुढचा उपचार, वेळ पडल्यास शस्त्रक्रियासुद्धा, विनामूल्य होते. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

अडते ते पुढे. पथक निघून जाते आणि दप्तरातून एक चिठ्ठी घरी जाते. परभणीला न्यावयाचे म्हणजे एका माणसाचा दिवसाचा रोज बुडतो. कापूस वेचणीचे दिवस असतील तर आई निघू शकत नाही. मुलीला कमी ऐकू येते हे चारचौघांत कळले तर पुढे लग्नाला अडचण येईल, म्हणूनही चिठ्ठी कोनाड्यात राहते. शिवाय "वय वाढले की आपोआप बरे होईल" असे सांगणारे शेजारी आहेतच. आणि दिवाळीनंतर जी कुटुंबे ऊसतोडीला जातात त्यांची मुले चिठ्ठीसकट निघून जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारी हंगामी वसतिगृहे असतात. तेथे निदान मूल आणि कागद एका ठिकाणी राहतात. दोष सापडणे आणि दोष दूर होणे यांमधले हे अंतर डॉक्टरला ओलांडता येत नाही, एकट्या बापालाही नाही. ते शाळेलाच ओलांडता येण्याजोगे आहे, कारण ते मूल रोज तिच्या डोळ्यांसमोर असते. एक साधी वही, तीत चिठ्ठी दिलेल्या मुलांची नावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारणा, एवढ्याने पुष्कळ काम होते. पाच-सहा मुले एकत्र करून एका शिक्षकाबरोबर पाठविली तर पाच-सहा रोज वाचतात.

रक्ताच्या कमतरतेचे उदाहरण घ्या. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींत ती आढळली. अशी मुलगी आजारी दिसत नाही. दुपारी पेंगते, पाठांतर विसरते आणि आळशी ठरते. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती घेतल्यावर मळमळते, शौचास काळे होते, आणि घरचे घाबरून गोळी बंद करतात. काळे होणे हे गोळीतील लोहामुळेच होते व त्यात अपाय नाही; जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी होते. हे एकदा आईला नीट समजावून सांगितले तर गोळ्या वाया जात नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातले लोह अंगी कमी लागते; लिंबू पिळल्यास अधिक लागते. जंताची गोळीही यासाठीच. अनवाणी पायांतून शिरणारा अंकुशकृमी आतड्यात बसून रक्तच पितो.

दुपारच्या जेवणाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये राष्ट्रीय योजना झाली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न द्यावे असे ठरले. प्राथमिक वर्गांतील मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, वरच्या वर्गांत ७०० उष्मांक व २० ग्रॅम, असे प्रमाण आहे. येथे एक गोष्ट मनात येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण प्रसारित झाले; त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक असते. ज्वारीच्या या मुलखात शाळेच्या ताटात मात्र मुख्यतः तांदूळच पडतो. आठवड्यातून एखादा दिवस तरी भाकरीचा का नसावा?

पाणी आणि शौचालय यांविषयी थोडक्यात पण स्पष्ट बोलावे लागेल. आपल्याकडे मार्च-एप्रिलचे ऊन कसे असते ते सांगावयास नको. म्हणून तर सकाळची शाळा भरते. त्या उन्हात कित्येक मुली मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शौचालयाला कडी नाही किंवा आत पाणी नाही. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात, आणि पाळीच्या दिवसांत शाळा बुडते. इमारतीवर रंग लावण्यापूर्वी ती कडी बसवावी, असे माझे मत आहे.

मनाच्या आरोग्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. नापिकीच्या वर्षी घरातले कर्ज मुलाच्या चेहऱ्यावर आधी दिसते. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून शिकविण्याची केंद्राची योजना आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मानसिक आधार मिळतो. हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असावा. गप्प झालेल्या मुलाला छडीची नव्हे, विचारपूस करणाऱ्याची गरज असते.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या सभेत त्यांनी हिशेबाच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही मागावी आणि विचारावे: गेल्या वर्षी चिठ्ठ्या किती मुलांना दिल्या, आणि त्यांतली किती मुले रुग्णालयापर्यंत पोहोचली?