अंडाशयाचा कर्करोग : पोट उघडून शस्त्रक्रिया कशासाठी?

अंडाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरले की घरातून पहिला प्रश्न येतो, "दुर्बिणीतून नाही का होणार?" आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतले कारकून, पण जे समजून घेतले ते येथे मांडतो.

हा रोग बहुधा अंडाशयापुरता राहत नाही. त्याच्या पेशी पोटातील पाण्याबरोबर आतडी, यकृत व श्वासपटलापर्यंत पसरतात. म्हणून पोटावर मोठा उभा छेद घेऊन सर्व भाग डोळ्यांनी पाहावा व हाताने चाचपावा लागतो. मोठी गाठही न फोडता अखंड काढता येते. सहसा दोन्ही अंडाशये, बीजवाहिन्या, गर्भाशय व आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढतात. दिसणारी एकही गाठ मागे राहू नये, यावर पुढचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. उरलेल्या सूक्ष्म पेशींसाठी केमोथेरपी देतात. कधी ती ऑपरेशनच्या आधीही देतात. रोग एकाच अंडाशयात असेल, तर तरुण स्त्रीचे गर्भाशय व दुसरे अंडाशय काही वेळा राखता येते.

पोट सतत फुगणे, दोन घासांत भरल्यासारखे वाटणे, वारंवार लघवी होणे, याला "गॅस" समजून आपल्या माता-भगिनी ओवा खाऊन दिवस काढतात. दोन-तीन आठवडे असे चालले तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफीबद्दल विचारावे. छेदाच्या भीतीने उशीर करू नये, एवढीच आमची विनंती.