पुळणीला टेकणारे जहाज

1940 मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला आपली बहुतेक अवजड सामग्री मागे टाकावी लागली. युरोपात पुन्हा उतरायचे तर बंदर हाती येण्याची वाट न पाहता रणगाडे थेट पुळणीवर उतरवणारे जहाज हवे, हे त्यानंतरच्या युद्धयोजनेत स्पष्ट झाले. या गरजेपोटी अमेरिकी नौदलाचे जहाजरचनाकार जॉन नीडरमेयर यांनी नोव्हेंबर 1941 मध्ये आराखडा मांडलेले जहाज ‘लँडिंग शिप, टँक’, म्हणजे एलएसटी, या नावाने ओळखले जाते. महायुद्धाच्या काळात अमेरिकेने अशी हजाराहून अधिक जहाजे बांधली.

या रचनेतील मूळ अडचण परस्परविरोधी मागण्यांची होती. जहाजाचा जो भाग पाण्याखाली असतो त्याच्या खोलीला ‘डूब’ म्हणतात. खुल्या समुद्रात जहाज स्थिर राहण्यासाठी ही डूब पुरेशी लागते, तर किनाऱ्याला लागण्यासाठी ती शक्य तितकी कमी असावी लागते. नीडरमेयर यांनी जहाजात मोठ्या टाक्या योजल्या, ज्यांत प्रवासात समुद्राचे पाणी भरून जहाज जड करता येई आणि किनारा जवळ आला की ते पाणी पंपाने बाहेर टाकून हलके करता येई. सुमारे 328 फूट लांब व 50 फूट रुंद असलेले हे जहाज उतरण्याच्या वेळी 500 टन माल घेऊनही पुढे सुमारे 4 आणि मागे सुमारे 10 फूटच बुडत असे, म्हणजे त्याच्या तळाचा उतार 50 फुटांत 1 फूट उतरणाऱ्या पुळणीशी जवळपास जुळत असे. किनाऱ्याकडे येतानाच मागचा नांगर समुद्रात सोडला जाई आणि रणगाडे उतरल्यावर त्याचा दोर विंचने खेचून जहाज मागे ओढून घेतले जाई. नॉर्मंडीत अनेक जहाजे ओहोटीला कोरड्या वाळूवर बसवून रिकामी केली गेली आणि पुढच्या भरतीला ती आपोआप तरंगली.

या सोयीची किंमत जहाजावरील माणसांनी मोजली. खोल कणा नसल्यामुळे आडवे हेलकावे आवरत नसत, आणि लाटेवर उचललेला सपाट पुढचा भाग पाण्यावर आदळला की सारे जहाज थरथरत असे. रणगाड्यांच्या डेकच्या दोन्ही बाजूंना असलेल्या अरुंद दालनांत सैनिक एकावर एक रचलेल्या बिछान्यांवर झोपत; तिथे डोळ्यांना भिंती स्थिर दिसत असताना अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा हालचालीची सूचना देत राही, आणि या विसंगतीमुळेच बोट लागते.

दुसरा धोका हवेचा होता. उतरण्यापूर्वी बंदिस्त डेकवरील रणगाड्यांची इंजिने एकाच वेळी सुरू केली जात. त्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो आणि वास नसल्याने कळतही नाही. म्हणून केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे, समुद्रापासून शेकडो मैल दूर, या डेकची प्रतिकृती असलेली इमारत उभारून हवा खेळवण्याच्या पद्धती रणगाडे चालवून तपासण्यात आल्या.

कमाल वेग ताशी सुमारे 12 सागरी मैलांचा असल्याने खलाशी एलएसटीचा अर्थ थट्टेने ‘मोठे संथ लक्ष्य’ असा लावत, आणि ती थट्टा 28 एप्रिल 1944 च्या पहाटे खरी ठरली. इंग्लंडच्या लाइम उपसागरात सराव चालू असताना जर्मन वेगवान टॉर्पेडो नौकांनी दोन एलएसटी बुडवल्या आणि आणखी एकीचे मोठे नुकसान केले. सातशेहून अधिक माणसे दगावली. अनेकांनी तरंगपट्टा काखेखाली न बांधता कमरेला बांधला होता. उचलून धरणारे बल कमरेशी आणि पाठीवरील ओझ्याचा भार त्याच्या वर, अशा स्थितीत शरीर उलटते आणि डोके पाण्याखाली जाते. इतर अनेकांचा बळी गारठलेल्या पाण्याने घेतला.

पुढे नॉर्मंडीत याच जहाजांचे रिकामे झालेले डेक परतीच्या वाटेवर रुग्णदालन झाले. भिंतींना स्ट्रेचर अडकवण्याची सोय करून आणि डॉक्टर सोबत घेऊन एलएसटींनी 41,035 जखमींना इंग्लिश खाडीपलीकडे पोहोचवले. त्या जखमींनाही तेच हेलकावे सोसावे लागले. पण धक्का वा बंदर नसलेल्या किनाऱ्यावरून इतक्या माणसांना उचलून आणणे सपाट तळाच्या जहाजालाच साधणारे होते.