खेप, काटा आणि बिल : कामाची पद्धत ऑब्जेक्टच्या अंगाने मांडताना

साखर कारखान्यात ऊस कसा येतो, असे विचारले की प्रत्येक खाते आपापल्या दारापासून सांगायला लागते. शेती खाते म्हणते, लागणीची नोंद, मग पाहणी, मग तोडणी कार्यक्रम. काट्यावरचा कारकून सांगतो, भरलेले वजन, गव्हाण, रिकामे वजन, पावती. हिशेब खात्याच्या लेखी सगळे पंधरवडा संपल्यावर सुरू होते : टनेज, दर, कपाती, बँकेची यादी. संगणक प्रणाली बसवताना या तीन हकिगती एकापुढे एक जोडून चौकटी आणि बाणांचा तक्ता काढला जातो. तक्ता चुकीचा नसतो. पण ‘माझी मंगळवारची ट्रॉली बिलात का नाही?’ असे शेतकऱ्याने विचारले, की त्या तक्त्यात उत्तर सापडत नाही. तक्त्यात खाती आहेत, कामे आहेत. ट्रॉलीतली ती खेप मात्र कुठेच नाही.

ऑब्जेक्टच्या अंगाने प्रक्रिया मांडणारे लोक सुरुवात इथून करतात. या व्यवहारात कोणकोणत्या गोष्टी आहेत? प्रत्येकीला स्वतःबद्दल काय ठाऊक असले पाहिजे? ती कोणत्या अवस्थांतून जाते, आणि तिच्याबद्दल जाब कोणी द्यायचा? कामांचा क्रम त्यानंतर येतो.

प्रोग्रामरांची ही पद्धत कारखान्याच्या कारभारात कशाला, असे वाटू शकते. पण तिचा जन्मच कामाच्या रांगा समजून घेण्यासाठी झाला. १९६०च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे गुंतागुंतीच्या कामकाजाची संगणकावर नक्कल करण्यासाठी ‘सिम्युला’ ही भाषा घडवत होते. आरंभी त्यांची कल्पना अशी होती की कामाची ठिकाणे सक्रिय असतात आणि ग्राहक त्यांच्यातून नुसते वाहत जातात. मग त्यांच्या लक्षात आले की हेच चित्र उलट बाजूनेही मांडता येते : ग्राहक सक्रिय, ठिकाणे स्तब्ध. दोन्ही बाजूंना सारखाच मान देणारी रचना त्यांनी शोधली आणि १९६७च्या सिम्युलामध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट अवतरले. २००१चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना याच कामासाठी मिळाला. काट्याच्या जागेवरून पाहायचे की खेपेच्या जागेवरून, हा आपला प्रश्न म्हणजे त्यांचाच प्रश्न आहे.

आता कारखान्याचा व्यवहार पायरीपायरीने मांडू.

पहिली पायरी बाहेरच्या माणसाची. स्वीडनच्या इव्हार जेकबसन यांनी एरिक्सनमधल्या अनुभवातून ‘यूज केस’ची पद्धत रूढ केली आणि १९९०च्या दशकात ती सॉफ्टवेअरमधून उचलून सबंध व्यवसायाला लावली. तिचा आग्रह एवढाच : संस्थेच्या बाहेर उभा असलेला माणूस काय मिळवायला आला आहे, ते आधी लिहा. ऊस उत्पादकाला नोंद नको असते, पावतीही नको असते. ऊस वेळेवर तुटावा, वजन बरोबर व्हावे आणि पैसे मुदतीत मिळावेत, एवढेच त्याला हवे असते. खात्यांच्या सीमा या वाक्यात कुठेच येत नाहीत, हे ध्यानात घ्या.

दुसरी पायरी ऑब्जेक्ट निवडण्याची. कारखान्यातली माणसे बोलताना जी नामे वापरतात ती टिपून घ्यायची : प्लॉट, टोळी, मुकादम, वाहन, स्लिप, खेप, पावती, पंधरवडा, बिल, उचल. मग चाळायचे. पावती हा स्वतंत्र ऑब्जेक्ट आहे का? माझ्या मते नाही. ती खेपेच्या एका अवस्थेचा कागदी पुरावा आहे. उचल मात्र स्वतंत्र आहे, कारण ती खेपेच्या आधी जन्मते आणि हंगाम संपला तरी मुकादमाच्या नावे उरू शकते. ही चाळणी घाईने करू नये. पुढची सगळी इमारत तिच्यावर उभी राहते.

तिसऱ्या पायरीवर एकेका ऑब्जेक्टचा जीवनक्रम लिहायचा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. खेप घ्या. तिच्या अवस्था अशा : तुटली, भरली, आवारात नंबरला लागली, भरून काटा झाली, गव्हाणीत खाली झाली, रिकाम्या वाहनाचा काटा झाला, बिलात धरली, रक्कम जमा झाली. लिहिता लिहिताच पहिली खोट उघडी पडते. संगणकात खेप बहुधा काट्यावर जन्मते. प्रत्यक्षात ती फडात जन्मलेली असते. ऊस तुटल्यापासून वाळायला लागतो, वजन घटते, आणि आतल्या साखरेचे विघटन होऊन उताराही घसरतो. म्हणजे नुकसान ज्या तासांत होते, नेमके तेच तास नोंदीबाहेर राहतात. आवारातली रांग सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर बैठका होतात. फडात बांधून पडलेल्या मोळ्यांची वेळ कोणत्याच वहीत नसते. स्लिप फडातच, तोडीच्या वेळेसह निघाली पाहिजे, ही सुधारणा कोणा तज्ज्ञाने सुचवण्याची गरज उरत नाही. अवस्थांची यादी पुरी झाली की ती समोर येते.

दुसरी खोट अधिक गंभीर आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. हे १४ दिवस कोणाचे? खेपेचे. बिल मात्र पंधरवड्याचे. महिन्याच्या १ तारखेला पोचलेल्या खेपेची मुदत १५ तारखेला संपते आणि पंधरवडाही त्याच दिवशी संपतो. त्यानंतर बिल करायला घेतले, तर कारकून कितीही तत्पर असला तरी पहिल्या दिवसांच्या खेपा मुदतीबाहेर जाणारच. हा कोणाचा आळस नाही. मुदतीचे घड्याळ एका ऑब्जेक्टला बांधलेले आणि काम दुसऱ्याच ऑब्जेक्टच्या घड्याळावर चालते, एवढेच घडते आहे. खात्यांच्या तक्त्यात हे दिसत नाही, कारण तिथे ‘बिल तयार करणे’ ही एकच चौकट असते आणि ती वेळेत पुरी झालेली असते.

चौथी पायरी जबाबदाऱ्यांची. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये यासाठी साध्या कार्डांची युक्ती मांडली. एका कार्डावर एक ऑब्जेक्ट : वर त्याचे नाव, डावीकडे जबाबदाऱ्या, उजवीकडे ज्यांची मदत लागते ते सोबती. माणसे टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाच्या हाती एक कार्ड, आणि एक प्रसंग चालवून पाहतात. ‘निव्वळ वजन किती?’ असा प्रश्न टाका. काट्याचे कार्ड हाती असलेला म्हणेल मी सांगतो, हिशेबाचाही म्हणेल मी सांगतो, शेती खात्याकडे तिसरा आकडा असेल. ऑब्जेक्टचा नियम इथे कठोर आहे : भरलेले वजन आणि रिकामे वजन खेपेकडे आहे, तर वजाबाकीही तिनेच करायची. बाकी सर्वांनी तिला विचारायचे. आपली वेगळी वही ठेवायची नाही. एकाच खेपेचे तीन आकडे होण्याची वाट त्याने बंद होते.

टोळी आणि हार्वेस्टर यांचेही इथेच पाहावे. ‘खेप भरून दे’ ही मागणी दोघांना सारखीच करता येते. आतला कारभार वेगळा : टोळीला मुकादम आणि उचल आहे, यंत्राच्या उसाला पाचटाची वजावट वेगळी लागते. मागणाऱ्याला हा फरक ठाऊक असण्याची गरज नाही. त्यामुळे पुढे तोडणीची नवी सोय आली, तरी काटा आणि बिल यांच्या नियमांना हात लावावा लागत नाही. वंशावळीचा पसारा मात्र याहून वाढवू नये. व्यवसायाच्या मांडणीत तीन पिढ्यांची क्लासची उतरंड क्वचितच लागते. ती वाचणाऱ्याला दमवते.

पाचवी पायरी प्रत्यक्ष नोंदींशी पडताळणीची. प्रणालीतल्या वेळांच्या नोंदींवरून खरी प्रक्रिया उलगडण्याच्या ‘प्रोसेस मायनिंग’ या शास्त्राने बराच काळ एक सक्ती केली होती : प्रत्येक घटना एकाच प्रकरणाच्या नावे मांडा. उसात ती निभत नाही. एकदा वजन होते तेव्हा ती घटना खेपेची असते, वाहनाची, प्लॉटची आणि टोळीचीही असते. प्लॉट हे प्रकरण धरले तर एकामागून एक येणाऱ्या खेपांच्या घटना एकमेकींत मिसळतात आणि ऊस काट्यावरून पुन्हा फडात गेल्यासारखे चित्र उमटते. खेप धरली तर १२ खेपांचे एक बिल १२ वेळा मोजले जाते. विल व्हान डर आल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ऑब्जेक्टकेंद्री नोंदींचा प्रमाणित आराखडा मांडला. त्यात एका घटनेला अनेक ऑब्जेक्ट जोडता येतात आणि वरचे दोन्ही दोष टळतात.

एवढे हाती आल्यावर सुधारणा. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये मांडलेले अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीचे उदाहरण याबाबत अजूनही सर्वांत बोलके आहे. उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची देणी भागवणाऱ्या खात्यात ५००हून जास्त माणसे होती. माझदाकडे तेच काम ५ जण करत. फोर्डची माणसे खरेदीचा आदेश, माल पोचल्याचा कागद आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींवरच्या १४ बाबी जुळवत बसायची. फोर्डने जुळवणी वेगवान केली नाही. पैसे देण्याचा हक्क बिलाकडून काढून मालाच्या आगमनाला दिला : माल आला, आदेशाशी जुळला, की देणे ठरले. जुळवायच्या बाबी तीनच उरल्या आणि मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटले. त्या माणसांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मांडणीबाहेरचा असला तरी टाळण्याजोगा नाही.

उसातही हेच करता येईल. देणे पंधरवड्याच्या नव्हे, तर खेपेच्या नावे उभे राहू द्या : रिकाम्या वाहनाचा काटा झाला की त्या क्षणी रक्कम आणि शेवटची तारीख ठरलेली. सोसायटीच्या कर्जाची कपात, तोडणी-वाहतुकीचा खर्च हे सारे खेपेला विचारून निघेल. बँकेची यादी सोयीसाठी आठवड्याने काढा, हवी तर रोज. मुदत मात्र खेप सांगेल.

गाळप बंद असते त्या पावसाळी महिन्यांत कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती चालते. त्याच दिवसांत, नवे सॉफ्टवेअर मागवण्याआधी, शेती अधिकारी, स्लिपबॉय, काट्याचा कारकून, हिशेबनीस आणि मुकादम यांना एका टेबलाशी बसवा, हाती कार्डे द्या आणि एक खेप फडापासून बँकेपर्यंत चालवून पाहा. टेबलाशी एक ऊस उत्पादक सभासदही असू द्या.