किरकोळ मोटार-अपघात आणि निर्दोष वाहनमालकाची भरपाई

नांदेड व लातूर या दोन जिल्हास्थानांना जोडणारा, लोहा, अहमदपूर व चाकूर या गावांवरून जाणारा रस्ता आज ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखला जातो. या रस्त्यावर खासगी मोटारी, एस. टी. च्या गाड्या, मालमोटारी, दुचाकी आणि उसाच्या हंगामात ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर अशी सर्व प्रकारची वाहने एकत्र चालतात. एकीकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूने तेलंगणातील, दुसरीकडे उदगीर-निलंग्याच्या बाजूने कर्नाटकातील वाहनांची ये-जा असते. आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंमुळे पंजाबपर्यंतच्या क्रमांकपट्ट्या येथे दिसतात. अशा रस्त्यावर ज्यांत कोणाला इजा होत नाही, परंतु बंपर फुटतो, दार चेपते किंवा दिवा निखळतो, असे अपघात घडणे अपरिहार्य होय. त्यांची चर्चा विधिग्रंथांत क्वचितच आढळते. तथापि सामान्य वाहनमालकाचा विम्याच्या कायद्याशी जो प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुधा अशाच प्रसंगी.

अशा प्रसंगी दोष पूर्णतः दुसऱ्या चालकाचा असला, तर भरपाई कोणी द्यावयाची? नीतीचे उत्तर सोपे आहे: ज्याचा दोष त्याने. कायद्याचे उत्तरही तत्त्वतः हेच आहे. परंतु व्यवहारात भरपाई पुष्कळदा निर्दोष मालक स्वतःच्याच विम्यातून घेतो आणि तिचा काही भार स्वतःच सोसतो. तत्त्व आणि व्यवहार यांतील हे अंतर कसे पडते, आणि ते कमी करण्याचे कोणते मार्ग उपलब्ध आहेत, याचे विवेचन येथे केले आहे.

कायद्याची वाटचाल

मोटार-विमा सक्तीचा करण्यामागील मूळ हेतू माणसाच्या जीविताचे व शरीराचे संरक्षण हा होता. इंग्लंडच्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने जी सक्ती आणली ती मृत्यू व शारीरिक इजा यांपुरती होती. त्याच वळणावर भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली, तीही मृत्यू व इजा यांच्या दाव्यांसाठीच. मालमत्तेच्या नुकसानीला या न्यायाधिकरणाचे दार उघडले ते १९६९ च्या दुरुस्तीने. आणि तेव्हा विमा कंपनीची त्याबाबतची सक्तीची जबाबदारी २,००० रुपयांपुरती मर्यादित होती. ज्या वर्षी लातूर जिल्हा उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, त्याच १९८२ साली ही मर्यादा ६,००० रुपये करण्यात आली. पुढे १९८८ च्या नव्या कायद्याने हाच आकडा जसाच्या तसा उचलला.

२००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकाने परिस्थिती काहीशी सुधारली. खासगी मोटारीच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा ७.५ लाख रुपये व दुचाकीच्या पॉलिसीत १ लाख रुपये ठेवण्यात आली. मात्र हप्त्यात थोडी सवलत घेऊन ती ६,००० रुपयांवर आणण्याची मुभा मालकास होती. २०१९ च्या दुरुस्तीने विम्याच्या प्रकरणाची फेररचना झाली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तरीही कोणत्याही वादात आरंभी पाहावयाची गोष्ट एकच: समोरच्या वाहनाच्या पॉलिसीवर ही मर्यादा किती छापलेली आहे.

या इतिहासावरून दिसते ते असे की, वाहनाच्या नुकसानीचा विचार कायद्यात मागाहून आला. जी यंत्रणा गंभीर दाव्यांसाठी उभारली गेली, तिच्यातच किरकोळ दाव्यालाही जागा करून देण्यात आली. मोठ्या दाव्याला साजेशी प्रक्रिया लहान दाव्याला जड जाते, हे या विषयातील अडचणीचे मूळ होय.

भरपाईचे दोन मार्ग

निर्दोष मालकापुढे कायदेशीर मार्ग दोन असतात. पहिला त्रयस्थाच्या हक्काचा. दोषी वाहनाचा चालक, मालक व त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध न्यायाधिकरणापुढे अर्ज करून संपूर्ण नुकसान मागता येते. येथे घसारा कापण्याचे पॉलिसीतील कोष्टक लागू होत नाही, आणि मालकाचा स्वतःचा बोनसही अबाधित राहतो. अर्ज कोठे करावा याचे स्वातंत्र्यही कायद्याने दिले आहे. पूर्वी ज्या क्षेत्रात अपघात घडला तेथेच अर्ज करावा लागे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथेही, अथवा प्रतिपक्ष जेथे राहतो तेथेही तो करता येतो. लातूरच्या रहिवाशाची मोटार बिदरमध्ये ठोकली गेली, तर त्याला त्यासाठी कर्नाटकात खेटे घालण्याचे कारण नाही. सीमेवरील जिल्ह्यांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची होय.

दुसरा मार्ग कराराचा. मालकाची स्वतःची पॉलिसी सर्वंकष असेल, म्हणजे तीत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचेही संरक्षण असेल, तर तो आपल्याच कंपनीकडे दावा करू शकतो. हा मार्ग जलद असतो. सर्वेअर येऊन पाहणी करतो, गॅरेजचे अंदाजपत्रक तपासले जाते आणि काम सुरू होते. दोष कोणाचा हा प्रश्न येथे उपस्थितच होत नाही. भरपाई दिल्यावर दोषी पक्षाकडून ती वसूल करण्याचा मालकाचा हक्क त्या रकमेपुरता कंपनीकडे संक्रमित होतो. परंतु किरकोळ रकमांसाठी एकमेकींविरुद्ध दावे लावणे कंपन्यांनाही परवडत नाही. म्हणून ‘नॉक फॉर नॉक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपसांतील समझोत्यानुसार प्रत्येक कंपनीने आपापल्या ग्राहकाचे नुकसान भरावे असा प्रघात आहे. हा समझोता कंपन्यांमधील होय. तो वाहनमालकास बांधत नाही आणि त्याचा त्रयस्थाचा हक्क हिरावूनही घेत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

दुसऱ्या मार्गाची किंमत

कराराचा मार्ग सोयीचा असला तरी तो फुकट नाही. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मोटार तीन वर्षांहून अधिक पण चार वर्षांहून कमी जुनी, १५०० सीसीच्या आतील व पूर्वी कधीही दावा न केलेली आहे, असे धरू. मागून आलेल्या वाहनाच्या धडकेने प्लास्टिकचा बंपर (८,००० रुपये) व पत्र्याचा एक भाग (४,००० रुपये) बदलावा लागला. मजुरी ३,००० रुपये व रंगकाम ४,००० रुपये झाले. कर बाजूस ठेवता एकूण खर्च १९,००० रुपये.

प्रचलित कोष्टकानुसार प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, आणि या वयाच्या वाहनाच्या पत्र्यावर २५ टक्के घसारा कापला जातो. रंगकामाचा चतुर्थांश हा साहित्याचा खर्च मानून त्याच्या निम्मी रक्कम वजा होते. मजुरी पूर्ण मिळते. म्हणजे बंपरचे ४,०००, पत्र्याचे ३,०००, मजुरीचे ३,००० व रंगाचे ३,५०० मिळून १३,५०० रुपये. त्यातून अनिवार्य वजावटीचे १,००० रुपये गेल्यावर हाती १२,५०० रुपये येतात. उरलेले ६,५०० रुपये निर्दोष मालकाच्या खिशातून जातात.

येथेच हिशेब संपत नाही. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी चढत जाते. या मालकास चालू वर्षी ३५ टक्के सवलत आहे. दावा केला नसता तर ती पुढील वर्षी ४५ व त्यानंतर ५० टक्के झाली असती. दावा केल्यामुळे ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. दोष दुसऱ्याचा होता म्हणून या नियमास अपवाद होत नाही. पाच वर्षांतील फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ व ५ टक्के, म्हणजे एकूण १२० टक्के होतो. स्वतःच्या वाहनाच्या संरक्षणाचा हप्ता सवलतीपूर्वी वार्षिक १०,००० रुपये धरला, तर गमावलेली सवलत १२,००० रुपये भरते. वाहनाचे मूल्य घटत गेल्याने हप्ताही घटतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा कमी येईल. तरीही १२,५०० रुपये घेऊन त्याच्या जवळपास जाणारी रक्कम पुढील पाच वर्षांत परत करावयाची, असाच या व्यवहाराचा अर्थ होतो. शून्य घसाऱ्याचे किंवा बोनस-संरक्षणाचे जादा कलम पॉलिसीत असेल तर चित्र बदलते. पण त्यासाठी जादा हप्ता आधीच भरलेला असतो.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. नुकसान थोडे आणि साठलेला बोनस मोठा असेल, तर स्वतःच्या पॉलिसीवर दावा करणे अनेकदा तोट्याचे ठरते. नुकसान मोठे असेल, किंवा बोनस साठलेलाच नसेल, तर तो मार्ग योग्य होय. निर्णय घेण्यापूर्वी कागदावर हा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

ज्यांना दुसरा मार्गच नाही

वरील विवेचन सर्वंकष पॉलिसी असलेल्यांस लागू पडते. परंतु ज्याची पॉलिसी केवळ त्रयस्थाच्या जोखमीपुरती आहे, अशा दुचाकीस्वारास किंवा जुन्या मोटारीच्या मालकास स्वतःच्या कंपनीकडून काहीच मिळत नाही. त्याच्या दृष्टीने ‘दोष कोणाचा’ हाच एकमेव प्रश्न उरतो, आणि त्रयस्थाचा हक्क हाच एकमेव मार्ग. त्याची आर्थिक स्थिती बहुधा बेताची असते आणि त्यालाच लांबचा मार्ग धरावा लागतो. शिवाय समोरच्या कंपनीचा तो ग्राहक नसल्यामुळे तिच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे किंवा विमा लोकपालाकडे त्याला जाता येत नाही. हे दोन्ही उपाय स्वतःच्या विमा कंपनीशी असलेल्या तंट्यासाठी आहेत. समोरचे वाहन विमाविरहित निघाले, किंवा ट्रॅक्टर विमित पण ट्रेलर विमाविरहित असा पेच निघाला, तर त्याची अडचण आणखी वाढते. कारण कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे.

हक्क शाबूत राखण्याची सामग्री

बहुतेक किरकोळ अपघात रस्त्यावरच, पाच-पंचवीस जणांच्या घोळक्यात, जागेवर मिटविले जातात. अशी तडजोड त्याज्य नव्हे. पण तिचे परिणाम ओळखूनच ती करावी. काही रक्कम घेऊन ‘यापुढे आमचे काही मागणे नाही’ असे लिहून दिले, तर वसुलीचा हक्क संपतो आणि मग स्वतःच्या कंपनीकडील दावाही अडचणीत येऊ शकतो. उलट बाजूने, कंपनीच्या लेखी संमतीविना दोष कबूल करण्यास किंवा पैसे देऊ करण्यास प्रमाण पॉलिसीच्या अटींत मनाई आहे, हे दोषी चालकानेही जाणावे.

म्हणून दोन्ही मार्ग खुले राहतील अशी सामग्री जागेवरच जमविणे इष्ट होय: दोन्ही वाहनांची क्रमांकपट्टीसह, हलविण्यापूर्वी घेतलेली छायाचित्रे, समोरच्या चालकाचे नाव, परवान्याचा तपशील व पॉलिसीचा क्रमांक, साक्षीदारांची नावे, आणि पोलीस ठाण्यातील नोंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यासही चालकाने पोलिसांना व विमा कंपनीला माहिती देणे बंधनकारक आहे. समोरचा चालक माहिती न देता निघून गेल्यास, कलम १६० अन्वये भरपाईचा हक्क सांगणाऱ्यास नोंदणी प्राधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा अधिकारी विहित शुल्क घेऊन ती देतो. स्वतःच्या कंपनीला तत्काळ लेखी कळविणे व पाहणीपूर्वी दुरुस्ती न करणे हे तर ओघानेच आले. २०१९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाकडील अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या मुदतीच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी तिच्या आत अर्ज करणे हेच सुरक्षित.

लहान दाव्याला लहान प्रक्रिया

दोन तरतुदी या संदर्भात अधिक वापरात यावयास हव्यात. एक, कलम १४९ नुसार अपघाताची माहिती मिळताच विमा कंपनीने दावा मिटविण्यासाठी अधिकारी नेमावयाचा असतो व तो तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवू शकतो. दुसरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालत. नांदेड व लातूर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे दावा दाखल करण्यापूर्वीच अर्ज करता येतो. तेथील निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. १९,००० रुपयांच्या नुकसानीसाठी वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा ही प्रक्रिया दाव्याच्या आकारमानाशी सुसंगत आहे. मात्र तेथेही तडजोडीस दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि ती मिळविण्याचे बळ वर सांगितलेल्या कागदपत्रांतूनच येते.

तात्पर्य, किरकोळ अपघातात दोषाचे तत्त्व कायद्याने टाकून दिलेले नाही. ते बजावण्याचा खर्च नुकसानीहून अधिक होतो म्हणून ते मागे पडते. ज्याच्यापाशी सर्वंकष विमा आहे तो या तत्त्वाला मुकला तरी निभावतो. ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्या भरपाईचा सारा आधार मात्र हेच तत्त्व आहे. त्रयस्थ विम्याची सक्ती अशाच माणसासाठी झाली. म्हणून तिचे मोजमाप किती वाहने विमित आहेत यावर न करता, फुटलेल्या बंपरची रक्कम त्याच्या हाती किती सुलभपणे पडते यावर केले पाहिजे.