विज्ञानकथा आणि छोटा पडदा – लेखांक ७ : बासरी आणि बखरीचे पान

मागील लेखांकात ‘द ट्वायलाइट झोन’सारख्या, दर आठवड्याला नवी कथा आणि नवी पात्रे घेऊन येणाऱ्या मालिकांचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याच्या उलट टोकाचा आहे. एकच कल्पित विश्व, तेच अंतराळयान, तीच चार-सहा पात्रे आणि त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे वाढत जाणाऱ्या मालिका, चित्रपट, कादंबऱ्या यांच्या समूहाला व्यवसायाच्या भाषेत ‘फ्रँचायझी’ म्हणतात. तिला ‘मालिकाकुल’ म्हटले तरी चालेल, कारण मूळ पुरुष, शाखा, दत्तक वारस आणि भाऊबंदकी हे सारे तिच्यातही असते. अशा मालिकाकुलाचा निष्ठावान चाहता संपूर्ण मालिकेविषयी क्वचितच बोलतो. त्याचे वाद असतात ते सुट्या भागांविषयी : अमुक भाग श्रेष्ठ का आणि तमुक भाग टाकाऊ का. या वादांकडे समीक्षकांनी पोरखेळ म्हणून पाहिले असले, तरी विज्ञानकथेची कसोटी कोणती, हा मूळ प्रश्न तिथे जितक्या हिरिरीने लढवला जातो तितका विद्यापीठीय चर्चासत्रांत लढवला जात नाही.

या प्रश्नाचा एक धागा थेट कोल्हापूरशी जुळतो. खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे बालपण बनारसला गेले, आणि पुढे त्यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र लिहिले तेव्हा ती चार नगरे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे अशी ठरली. कोल्हापूरकरांना ही यादी थोडी टोचते, पण हिशेब चुकीचा नाही. १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९६३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हॉईल विश्वरचनाशास्त्रज्ञ म्हणून मराठी वाचकांना परिचित आहेत, परंतु विज्ञानकथेच्या दूरचित्रवाणीवरील आद्य लेखकांपैकी ते एक होते, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६१ मध्ये, म्हणजे नारळीकर त्यांचे विद्यार्थी असतानाच, बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका प्रसारित झाली. ती हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिली होती. ‘डॉक्टर हू’ हे ब्रिटनचे सर्वांत दीर्घायुषी विज्ञानकथा-मालिकाकुल सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

या मालिकेची कल्पना आजही ताजी वाटते. अँड्रोमेडा या तारकासमूहाच्या दिशेने आलेला संदेश एका रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे आकाशातील रेडिओलहरी टिपणाऱ्या उपकरणाला, सापडतो. संदेश उलगडल्यावर लक्षात येते की त्यात एक संगणक बांधण्याच्या सूचना आहेत. संगणक बांधला जातो, आणि तो संगणक जिवंत पेशी कशा घडवाव्यात हे माणसांना शिकवू लागतो, ते इतके की शेवटी प्रयोगशाळेतील एका मृत सहायिकेची हुबेहूब प्रतिकृती असलेली तरुणी तिथे तयार होते. ज्यूली ख्रिस्ती या अभिनेत्रीने दोन्ही भूमिका केल्या होत्या. येथे कोणतेही परग्रहवासी यानातून उतरत नाहीत. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडून कोणी येऊ शकत नसेल, तर आक्रमण माहितीच्या रूपाने होईल, हा विचार ज्याचा रोजचा व्यवहारच दूरच्या आकाशगंगांशी आहे त्यालाच सुचण्याजोगा होता. दुर्दैवाने त्या काळी चित्रफिती महाग असत आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याची बीबीसीची पद्धत होती, त्यामुळे सात भागांपैकी केवळ सहावा भाग आज संपूर्ण उपलब्ध आहे. पुढच्याच वर्षी ‘दि अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ हा उत्तरार्ध आला, मुख्य अभिनेत्री बदलावी लागली, कथा हेरगिरीकडे झुकली आणि मूळ कल्पनेची धार बोथट झाली. मालिकाकुलाचा रोग हा असा पहिल्या पिढीतच दिसतो : जी कथा संपली आहे तिला संपू द्यायचे नाही.

नारळीकरांनी आपल्या गुरूंप्रमाणेच विज्ञानकथा लिहिल्या (पहिली कथा त्यांनी १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या, आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या नावाने पाठवली होती) आणि विज्ञानकथेत विज्ञान हे कथेच्या गाभ्याशी असावे, केवळ नेपथ्य म्हणून नसावे, असा आग्रह सातत्याने धरला. या आग्रहातून एक साधी परीक्षा तयार होते. कथेतून विज्ञान काढून घ्यावे. कथा कोसळली तर ती विज्ञानकथा, उभी राहिली तर दुसरेच काहीतरी. ही परीक्षा अमेरिकेच्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकाकुलाला लावली की चाहत्यांची पंचाईत होते. १९६६ ते १९६९ या काळात ७९ भागांत दाखवल्या गेलेल्या मूळ मालिकेतील ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग बहुतेक जाणकार पहिल्या पाच-दहांत धरतात. त्यात अदृश्य होऊ शकणारे शत्रूचे यान आणि त्याचा माग काढणारे नायकाचे यान यांच्यातील कोंडी आहे. दोन्ही कप्तान एकमेकांना न पाहता एकमेकांचे मन वाचतात. पण हा भाग ‘दि एनिमी बिलो’ या १९५७ च्या पाणबुडीपटाच्या साच्यावर बेतलेला आहे, आणि अंतराळ काढून पुन्हा समुद्र आणला तर त्याचे काहीही बिघडत नाही. तो उत्तम नाट्य आहे आणि कसोटीला उतरत नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

याउलट ‘स्पॉक्स ब्रेन’ (१९६८) या कुप्रसिद्ध भागातून विज्ञान काढले तर काहीच उरत नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो कसोटीला उतरतो, आणि तरीही तो अत्यंत वाईट आहे. परग्रहावरील स्त्रिया उपकप्तान स्पॉकचा मेंदू पळवून नेतात. डॉक्टर मॅकॉय एक शिरस्त्राण डोक्यावर चढवतात, त्यातून त्यांना काही काळापुरते अद्भुत शल्यज्ञान मिळते, आणि मेंदू परत बसवला जातो. येथे खटकते ती मेंदूरोपणाची अशक्यता नव्हे, कारण अशक्य गोष्टी विज्ञानकथेला माफ असतात. खटकते ते असे की, काही तासांपुरते एखाद्या माणसाला सर्वज्ञ करणारे यंत्र हाती आले असताना त्याविषयी पुढच्या आठवड्यात कोणी एक शब्दही काढत नाही. आपलीच कल्पना लेखकाने इतक्या हलगर्जीने टाकून द्यावी, हा प्रेक्षकाचा अपमान आहे.

म्हणजे नारळीकरांच्या परीक्षेला एक पुरवणी जोडावी लागते : कल्पना कथेच्या गाभ्याशी आहे की नाही एवढेच न पाहता, कथा संपल्यावर ती कल्पना मागे काय ठेवते, हेही पाहिले पाहिजे. मालिकाकुलाला हे विशेष अवघड जाते. भाग कोणत्याही क्रमाने पुन्हा दाखवता यावेत म्हणून जुन्या अमेरिकन मालिकांत प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व काही पूर्वस्थितीला आणण्याचा अलिखित नियम होता. नायक प्रेमात पडला तर प्रेयसीने शेवटच्या दहा मिनिटांत मरावे किंवा निघून जावे, हे ठरलेलेच असे. ‘द सिटी ऑन दि एज ऑफ फॉरएव्हर’ (१९६७) या हार्लन एलिसन यांनी लिहिलेल्या भागाचे थोरपण असे की, त्याने या नियमालाच कथेचा विषय केले. भ्रमिष्ट अवस्थेत मॅकॉय कालद्वारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातात आणि त्यांच्या हातून इतिहास बदलतो. तिथे एडिथ कीलर ही समाजसेविका अपघातात मरायला हवी. ती वाचली तर तिच्या शांततावादी चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरते आणि जर्मनी जिंकते. तिच्यावर प्रेम करणाऱ्या कप्तान कर्कला, तिला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयला स्वतःच्या हातांनी धरून ठेवावे लागते. पूर्वस्थिती परत येते, पण तिची किंमत पडद्यावर मोजून दाखवलेली असते.

मराठी वाचकाला हा भाग पाहताना नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवल्यावाचून राहत नाही. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांच्या डोक्यात असतो आणि एका अपघातानंतर ते अशा मुंबईत वावरून येतात जिथे गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. परत आल्यावर हा सगळा भ्रम होता असे म्हणायची सोय नाही, कारण त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान आहे. नारळीकर त्याचे स्पष्टीकरण पुंजभौतिकीच्या आधारे देतात. इलेक्ट्रॉनसारखा सूक्ष्म कण कोणत्या क्षणी कुठे असेल हे निश्चित सांगता येत नाही, केवळ शक्यता सांगता येतात, आणि प्रत्येक शक्यतेचे स्वतंत्र जग असू शकेल, असा तो विचार आहे. एलिसन यांच्या भागात कालद्वार हे निव्वळ गृहीत आहे, नारळीकरांच्या कथेत यंत्रणा विचारपूर्वक मांडलेली आहे. मात्र कर्कच्या वाट्याला जे दुःख येते त्याची बरोबरी गंगाधरपंतांच्या वाट्याला आलेला बौद्धिक धक्का करू शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

दोन्ही गुण एकत्र आलेला भाग म्हणून चाहते सहसा ‘द इनर लाइट’चे (१९९२) नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. हा ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या दुसऱ्या पिढीतील मालिकेचा भाग. एका अनोळखी शोधयानाच्या किरणाने कप्तान पिकार्ड बेशुद्ध होतो आणि जागा होतो तो कटान नावाच्या ग्रहावर, कामिन नावाचा लोहकाम करणारा गृहस्थ म्हणून. पहिली पाच वर्षे तो आकाशाचे नकाशे काढून आपले यान शोधत राहतो, पत्नी एलिन हे सारे सोसते, मग हळूहळू तो संसारात रमतो, मुले होतात, तो बासरी शिकतो, आणि दुर्बिणीने व मातीच्या नमुन्यांनी त्याच्या ध्यानात येते की दुष्काळ तात्पुरता नाही, सूर्यच बिघडत चालला आहे. सुमारे चाळीस वर्षांचे हे आयुष्य यानावरच्या पंचवीस मिनिटांत उलगडते. तो ग्रह एक हजार वर्षांपूर्वीच सूर्याच्या स्फोटात नष्ट झालेला आहे, आणि आपली आठवण कोणाच्या तरी मनात जगावी एवढ्यासाठी तिथल्या लोकांनी ते यान सोडलेले असते. जागा झालेल्या पिकार्डच्या हाती त्या यानातून निघालेली बासरी येते.

या भागातही एक मोठी उणीव आहे. ज्या समाजाला जेमतेम छोटे अग्निबाण सोडता येतात, त्याला परक्या माणसाच्या मेंदूत संपूर्ण आयुष्य उतरवणारे यंत्र कसे बनवता आले, याचे उत्तर मिळत नाही, आणि भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला म्हणून ही उणीव बुजत नाही. तरीही ‘स्पॉक्स ब्रेन’च्या तुलनेत तिचे वजन कमी पडते, कारण येथे कल्पना टाकून दिलेली नाही : पुढच्या वर्षीच्या ‘लेसन्स’ या भागात पिकार्ड तीच बासरी एका सहकारी स्त्रीसोबत वाजवतो, आणि एरवी अलिप्त असणाऱ्या या माणसाला कोणाच्या तरी सोबतीची गरज का वाटते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

भारतीय प्रेक्षकांपुढे मूळ ‘स्टार ट्रेक’ आले ते १९८० च्या दशकात दूरदर्शनवर, रविवारच्या सकाळी. त्याचा परिणाम देशी निर्मितीवर झाला, पण तो बाह्यांगापुरता. दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘स्पेस सिटी सिग्मा’ने गणवेश, कप्तानाची खुर्ची आणि यंत्रमानव उचलले, केतन मेहता यांच्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये (१९९८) निसटलेल्या गुन्हेगारांचा पाठलाग होता, म्हणजे पोलीसकथाच. १९८९ च्या ‘इंद्रधनुष’ने मुलांनी जोडलेला संगणक आणि कालप्रवास यांचा मेळ घालण्याचा अधिक प्रामाणिक प्रयत्न केला होता, कोल्हापूरच्या घराण्यातील आशुतोष गोवारीकर त्यात अभिनेते म्हणून होते. यांपैकी कोणत्याही मालिकेवर ‘खोटी दिसते’ एवढाच आक्षेप घेणे फारसे न्याय्य नाही. ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेने १९३२ मध्ये कोल्हापुरातच ‘माया मच्छिंद्र’ काढला तेव्हा चमत्कृतीदृश्ये दाखवण्याची साधने किती तुटपुंजी होती, आणि ‘स्टार ट्रेक’मधील माणसांना क्षणात ग्रहावर पोहोचवणारे यंत्र हेही दर आठवड्याला यान उतरवण्याचे चित्रीकरण परवडत नव्हते म्हणूनच सुचले. पैशाच्या अभावातून कल्पना निघू शकते. या मालिकांत अभाव होता तो लेखकाच्या टेबलावर.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या कथांवर दीर्घ मालिकाकुल उभे राहिले नाही आणि त्याचे कारण केवळ निर्मात्यांची उदासीनता हे नव्हे. त्यांच्या कथा बहुधा आपल्या कल्पनेसह पूर्ण होतात आणि नायकाला दुसऱ्या साहसासाठी शिल्लक ठेवत नाहीत. गंगाधरपंतांचेच पाहावे. शेकडो सभांचे अध्यक्षपद भूषवलेला हा गृहस्थ त्या दुसऱ्या मुंबईत एका सभेच्या रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर जाऊन बसतो, तिथले श्रोते त्याला हुसकावून लावतात, आणि परत आल्यावर तो पानिपतावरील परिसंवादाचे अध्यक्षपदही नाकारतो. मालिकाकुलाच्या निर्मात्याला हा शेवट मुळीच परवडला नसता. पुढच्या आठवड्यात त्याने गंगाधरपंतांना पुन्हा खुर्चीवर बसवले असते, आणि कदाचित बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंद्यांना वाचवायलाही पाठवले असते.